गंगाधर यशवंत चंद्रचूड आणि बगरूचा तह

जयपूरहून अजमेरकडे जाणाऱ्या वाटेवर सुमारे ३० किलोमीटरांवर बगरू हे गाव आहे. आज ते छिपा कारागिरांच्या ठशांच्या कापडासाठी ओळखले जाते. परंतु अठराव्या शतकाच्या इतिहासात त्याचे नाव एका लढाईशी व तीतून निघालेल्या एका तहाशी जोडलेले आहे. १७४८ च्या ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात, येथे जयपूरच्या गादीचा वाद शस्त्रांनी लढला गेला आणि शब्दांनी मिटविण्यात आला. या दोन्ही कामांत ज्या एका मराठी पुरुषाचा हात होता, तो म्हणजे मल्हारराव होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड. मराठी बखरी व पत्रे त्यांना गंगोबा तात्या या नावाने ओळखतात. अहिल्याबाईंच्या चरित्रातील खलपुरुष एवढीच त्यांची ओळख सामान्य वाचकाच्या मनात उरली आहे. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग मात्र परक्या दरबारांतील जाबसालात गेला, आणि त्या कामाचे मोल ठरविल्याखेरीज त्यांच्या अखेरीचा अर्थ नीट लागत नाही.

चंद्रचूडांचे घराणे पुणे प्रांतातील खेडजवळच्या निमगावचे. उत्तरेत पसरत चाललेल्या सरदारांच्या पदरी पेशव्यांच्या विश्वासातील कारभारी असावा, त्याने हिशेब ठेवावा, पत्रव्यवहार सांभाळावा आणि प्रसंगी वकिली करावी, अशी त्या काळची व्यवस्था होती. होळकरांच्या दौलतीत हे स्थान गंगाधर यशवंतांकडे आले. त्यामुळे त्यांचे धनी दोन झाले. ज्यांच्या छावणीत ते राहत ते मल्हारराव, आणि ज्यांच्या सत्तेच्या बळावर ते बोलत ते पेशवे. या दोघांचे हेतू एक असत तोपर्यंत अडचण नव्हती. जयपूरच्या प्रकरणात ते एक राहिले नाहीत.

सवाई जयसिंग २१ सप्टेंबर १७४३ रोजी मरण पावला आणि थोरला पुत्र ईश्वरीसिंग गादीवर बसला. परंतु १७०८ मध्ये जयसिंगाने मेवाडच्या राजकन्येशी विवाह केला, तेव्हा तिच्या पोटी होणाऱ्या पुत्रास राज्य मिळेल असे वचन दिले होते. तो पुत्र माधोसिंग. त्याचा मामेभाऊ महाराणा जगतसिंग याने त्याचा पक्ष उचलला. बुंदीचे राज्य जयसिंगाने हाडा घराण्याच्या बुधसिंगाकडून काढून घेतले होते, म्हणून बुधसिंगाचा पुत्र उमेदसिंगही ईश्वरीसिंगाच्या विरुद्ध उभा राहिला. बुंदीच्या राणीने मल्हाररावांस राखी पाठविल्याची कथा राजस्थानात प्रसिद्ध आहे. १७३४ मध्ये होळकर व शिंदे बुंदीवर चालून गेले होते, ही घटना त्या कथेमागे आहे. अशा रीतीने एका घरच्या भाऊबंदकीत तीन राज्ये गुंतली, आणि निवाडा करण्याचे सामर्थ्य मराठ्यांकडे आले.

हे सामर्थ्य एकमुखी नव्हते. राणोजी शिंदे १७४५ मध्ये वारल्यावर जयाप्पांचा कल ईश्वरीसिंगाकडे राहिला, तर महाराण्याने देऊ केलेल्या द्रव्यामुळे मल्हारराव माधोसिंगाच्या बाजूस झुकले. १ मार्च १७४७ रोजी राजमहाल येथे ईश्वरीसिंगाच्या सेनेने मेवाड, कोटा व बुंदी यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. पुढच्याच वर्षी, मार्च १७४८ मध्ये, मानुपूर येथे अब्दालीशी गाठ पडली असता तो रण सोडून परतला आणि त्याच्या नावास बट्टा लागला. त्या वसंतात बाळाजी बाजीराव पेशवे स्वतः जयपूरच्या मुलखात निवाईपर्यंत आले. माधोसिंगास काही परगणे देऊन वाद मिटवावा, अशी तोड त्यांनी सुचविली. पेशवे माघारी वळले आणि ती तोड कागदावरच राहिली. बगरूची लढाई ही त्या न पाळलेल्या बोलीची पुढची पायरी होती.

बगरूच्या मैदानावर ईश्वरीसिंगाच्या साहाय्यास भरतपूरचा सूरजमल जाट होता. समोर मल्हारराव, माधोसिंग आणि मेवाड, कोटा व बुंदी यांच्या तुकड्या. लढाई अनेक दिवस चालली आणि पावसाने ती वारंवार थांबविली. सीकरचा शिवसिंग शेखावत हा जयपूरच्या आघाडीचा सरदार पडला, तेव्हा सूरजमलाने आघाडी सांभाळली. या लढाईत गंगाधर यशवंत केवळ लेखणीचे धनी राहिले नाहीत. मल्हाररावांनी त्यांना शत्रूच्या पिछाडीवर पाठविले. त्यांनी तोफखान्यावर अचानक घाला घालून गोलंदाज कापले आणि तोफांच्या कानांत मेखा ठोकल्या. सूरजमल धावून आला म्हणून जयपूरची पिछाडी सावरली. सूदन कवीच्या ‘सुजान चरित्र’ या ब्रज काव्यात आणि सूर्यमल्ल मिश्रणाच्या ‘वंशभास्कर’ या ग्रंथात सूरजमलाच्या पराक्रमाला जे स्थान मिळाले, त्याची ही पार्श्वभूमी आहे. जाटांचा वीर काव्यात गेला आणि मराठ्यांचा दिवाण दप्तरात राहिला. एकाच प्रसंगाच्या या दोन स्मृती भारतीय भाषांच्या अभ्यासकाने शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

तोफा निकामी झाल्या, रसद तुटली, आणि ईश्वरीसिंग बगरूच्या लहानशा गढीत अडकला. आता तलवारीचे काम संपून वकिलाचे सुरू झाले. जयपूरकडून बोलणी करण्यास आला तो दिवाण केशवदास खत्री. जयसिंगाचा जुना मंत्री राजामल खत्री याचा हा मुलगा, आणि मराठ्यांच्या छावणीची रीतभात जाणणारा. काल ज्यांच्या घोडेस्वारांनी जयपूरचे गोलंदाज कापले होते, त्याच गंगाधर यशवंतांशी त्याला तहाची भाषा बोलावी लागली. केशवदासाने दिवाणास भरपूर द्रव्य देऊन मल्हाररावांचे मन वळविले, असे परंपरा सांगते. त्या काळी मध्यस्थाला नजराणा देणे ही उघड चाल होती. म्हणून एवढ्यावरून त्यांना लाचखाऊ ठरविणे घाईचे होईल. पण ज्याचा लाभ तह होण्यात आहे, तो तह टिकण्याची चिंता कितपत वाहील, हा प्रश्न त्या चालीतच दडलेला होता.

ठरलेली कलमे अशी : माधोसिंगास पाच परगणे द्यावे, उमेदसिंगास बुंदी परत द्यावी, आणि मराठ्यांस मोठी रक्कम पोचवावी. गादी ईश्वरीसिंगाकडेच राहिली. वरवर पाहता हा समतोल निवाडा होता. रक्तपात थांबला, बुंदीच्या घराण्यास न्याय मिळाला, दोन्ही भावांचे काही ना काही राखले गेले. वकिलीचे कार्य एवढेच असते तर गंगाधर यशवंत यशस्वी झाले असे म्हणावे लागेल. तहाचा दोष त्याच्या अखेरच्या कलमात होता. ज्या खजिन्यातून रक्कम यायची तो युद्धांनी आटला होता. पैसा देण्याचे वचन दिले ते गढीत कोंडलेल्या राजाने, आणि ते खरे मानले ते त्याची तिजोरी न पाहिलेल्या विजेत्याने. दोहोंच्या मध्ये उभे होते दोन कारभारी. त्यांच्या शब्दावर हे वचन उभे राहिले आणि त्याचे ओझेही प्रथम त्यांच्यावरच आले.

केशवदासावर ते लवकर आले. हरगोविंद नाटाणी व इतर प्रतिस्पर्ध्यांनी राजाचे कान भरले की, हा दिवाण मराठ्यांना मिळालेला आहे. पराभवाच्या सावटात राहणाऱ्या दरबारात शत्रूशी बोलणारा माणूस शत्रूचाच वाटू लागतो. ईश्वरीसिंगाने केशवदासास विष देवविले. मराठ्यांशी बोलू शकणारा एकमेव जाणता माणूस असा नाहीसा झाला. १७५० च्या अखेरीस थकलेल्या रकमेसाठी मल्हारराव जयपूरवर चालून आले, तेव्हा केशवदासाच्या मृत्यूचा जाबही त्यांना हवा होता. देण्यास पैसा नाही, लढण्यास बळ नाही आणि मध्ये घालण्यास वकील नाही, अशा स्थितीत डिसेंबर १७५० मध्ये ईश्वरीसिंगाने स्वतःच्या हाताने जीवनाचा शेवट केला.

माधोसिंग मराठ्यांच्या आश्रयाने गादीवर बसला, पण आश्रयदात्यांच्या मागण्या आता त्याच्यापुढे आल्या. १० जानेवारी १७५१ रोजी जयपूर शहर पाहण्यास व देवदर्शनास गेलेल्या मराठ्यांवर नगरजनांनी व सैनिकांनी हल्ला केला. समकालीन पत्रांनुसार मृतांची संख्या काही हजारांच्या घरात होती. ज्याला गादी मिळावी म्हणून बगरूस रक्त सांडले, त्याच माधोसिंगाच्या सैन्याशी मल्हाररावांना १७६१ च्या नोव्हेंबरात मांगरोळ येथे लढावे लागले. पानिपतावर अब्दालीशी गाठ पडली तेव्हा राजस्थानातील राजे मराठ्यांच्या बाजूस आले नाहीत. त्याची कारणे अनेक आहेत. बगरूनंतरच्या वसुलीचा अनुभव हे त्यांतील एक.

या सर्व वर्षांत गंगाधर यशवंत होळकरांच्या कारभारात राहिले. उत्तरेतील राजकारणाचे धागे त्यांच्या हातून जात होते. पुढे प्रकाशित झालेले चंद्रचूड दप्तर त्या व्यवहाराची साक्ष देते. फार्सी दरबारी शब्द मराठी वाक्यात सहज बसविणारे, मोजके आणि हिशेबी असे हे कारभारी गद्य आहे. अशा गद्यात देणे, घेणे, फौज, मुक्काम यांस जागा असते. पराभूताच्या मनास फारशी नसते. ही भाषेची मर्यादा होती तशी त्या वकिलीचीही होती.

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हारराव वारले. नातू मालेराव वर्षभरातच गेला, आणि होळकरांची गादीच वारसाविना राहिली. गंगाधर यशवंतांनी येथे तोच मार्ग धरला, जो त्यांनी आयुष्यभर परराज्यांत पाहिला व वापरला होता. अहिल्याबाईंनी एखादे मूल दत्तक घ्यावे, कारभार दिवाणाच्या हाती असावा आणि रघुनाथरावांना नजराणा पोचावा, अशी ही योजना होती. जयपुरात वारसाच्या वादात मध्यस्थी करणारा पुरुष आता आपल्याच धन्याच्या घरात तसा वाद उभा करीत होता. अहिल्याबाईंनी योजना धुडकावली, फौजेनिशी चालून आलेल्या रघुनाथरावांस न डगमगता तोंड दिले, आणि माधवराव पेशव्यांनी त्यांचा हक्क मान्य केला. सैन्याची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे गेली.

गंगाधर यशवंत रघुनाथरावांच्या पक्षात राहिले. जून १७६८ मध्ये धोडप येथे रघुनाथरावांचा पराभव झाला, तेव्हा तेही पेशव्यांच्या हाती सापडून कैदेत पडले. ज्या पेशव्यांच्या वतीने ते होळकरांच्या छावणीत आले, त्याच पेशव्यांच्या घरातील चुलत्या-पुतण्याच्या कलहात त्यांचे कर्तृत्व बुडाले.

त्यांच्या शौर्याविषयी वा बुद्धीविषयी शंका घेण्यास जागा नाही. बगरूस त्यांनी लढाई फिरविली आणि तहही घडविला. उणीव होती ती दुसरीकडे. समोरच्याला काय मान्य करावयास लावता येईल हे त्यांना उत्तम कळत होते. मान्य केलेले पाळण्याची त्याची ऐपत किती, हे त्यांनी मोजले नाही. केशवदास खत्री विषाने गेला, गंगाधर यशवंत कैदेत पडले. बगरूच्या गढीबाहेर ज्या दोघांनी शांततेची कलमे ठरविली, त्या दोघांनाही अखेर आपल्याच धन्यांकडून शिक्षा भोगावी लागली.