तक्रार कोणी ऐकायची? चाकरमान्यांच्या मुलुखातून बाबासाहेबांकडे पाहताना

मे महिना संपत आला की मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर एक दृश्य हमखास दिसते. पर्यटक परततात, पावसाआधी बोटी वर ओढल्या जातात आणि हॉटेलांत चार-सहा महिने राबलेली पोरे हिशोब घेऊन घरी येतात. त्यांत आपल्या बौद्धवाड्यांतलीही पोरे असतात. फंड नाही, आजारपणाची रजा नाही, कामाला तास नाहीत. कोणी तोंड उघडलेच तर मालकाचे उत्तर ठरलेले असते. पटत नसेल तर उद्यापासून येऊ नको. मग घरातले वडीलधारे समजावतात की नोकरी म्हटली की ऐकून घ्यावेच लागते.

अशा वेळी बाबासाहेबांच्या आयुष्याचा एक धागा पुन्हा उलगडून पाहावासा वाटतो. घटनेचे शिल्पकार आपल्याला पाठ आहेत. नोकरीच्या ठिकाणी अपमान झालेला, तक्रार घेऊन गेलेला आणि हात हलवत परत आलेला पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण मात्र आपण फारसा आठवत नाही.

भीमराव रामजी आंबेडकर हे कोकणातल्याच घराण्याचे. मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. जन्म महूचा, १४ एप्रिल १८९१ चा. वडील लष्करात सुभेदार, त्यामुळे पगार, पेन्शन, शिस्त हे शब्द घरात होते. शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानची नोकरी करणे भाग होते, म्हणून सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजू झाले. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेला हा अधिकारी कचेरीत बसला की शिपाई फायली लांबूनच टेबलावर टाकत. प्यायला पाणी मिळत नसे. राहायला जागा कोणी देईना, म्हणून नाव लपवून ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. त्यांनी संस्थानच्या दिवाणांकडे दाद मागितली. दिवाणांनी असमर्थता सांगितली. एवढ्या मोठ्या संस्थानात एका कर्मचाऱ्याला पाणी आणि खोली मिळवून देणारा कोणी निघाला नाही. कामाठी बागेत झाडाखाली बसून त्यांनी मुंबईची गाडी गाठली.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९१८ मध्ये, ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये, म्हणजे त्या काळी भरपूर. तिथेही प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावर काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पगार चांगला आणि वागणूक अशी, हे आजही अनेकांना ओळखीचे वाटेल. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि अपुरे शिक्षण पुरे करायला ते पुन्हा लंडनला गेले.

राहायला होते परळच्या बी.आय.टी. चाळीत. आजूबाजूला गिरणी कामगार, त्यांतले कितीतरी रत्नागिरी जिल्ह्यातले. आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्यात होता. मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरांवरून बोटीने मुंबईला उतरलेला चाकरमानी गिरणीत लागे. पण गिरणीतही आमच्या माणसाला विणाई खात्याची दारे बंद. तिथे धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा दोरा सवर्ण कामगारांना चालत नसे. चांगली मजुरी मिळत होती ती नेमकी त्याच खात्यात. १९२८ चा सहा महिन्यांचा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला. सगळ्या मागण्यांत ही मागणी का नाही? पुढाऱ्यांनी नाखुशीने ती घातली. मालकांनी मात्र सुनावले की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. हे झोंबणारे आहे, पण त्यात खोट काढता येत नाही. कामाच्या जागी मालकाइतकेच सोबतीही छळू शकतात, हे बाबासाहेब बडोद्याच्या कचेरीतच शिकले होते. त्याच वर्षी मुंबई कायदे मंडळात गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची भरपगारी रजा मिळावी, या आसवल्यांच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला.

१९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. पुढच्या वर्षी खोती नष्ट करण्याचे विधेयक आले आणि १० जानेवारी १९३८ ला ठाणे, कुलाबा, रत्नागिरी अशा जिल्ह्यांतले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथल्या तक्रारी ऐकण्यासारख्या होत्या. जन्मभर गँगमनच राहायचे, बढती नाही. पोर्टरची साधी जागाही मिळत नसे, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत आणि अस्पृश्याला घरात कोण घेणार? त्याच वर्षी सरकारने संपावर बंधने घालणारे औद्योगिक कलह विधेयक आणले. काम नाकारल्याबद्दल माणसाला तुरुंगात घालणे म्हणजे त्याला गुलाम करणे, असा त्यांचा आक्षेप होता. ७ नोव्हेंबरला त्यांनी कम्युनिस्टांच्या सोबतीने मुंबईत एक दिवसाचा संप घडवला.

मग बाजू बदलली. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आता तक्रारी त्यांच्याकडे येणार होत्या. समाजमाध्यमांवर या काळाबद्दल बरेच फुगवून फिरते, त्याची गरज नाही. जे घडले ते पुरेसे आहे. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणारी परिषद ऑगस्ट १९४२ मध्ये कायमची झाली. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला जाऊन कोळशाच्या खाणीत उतरले, मजुरांच्या खोपट्या पाहिल्या. पुढच्या महिन्यात खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कारखान्यात वर्षाला दहा दिवसांची भरपगारी रजा १९४५ च्या कायद्याने आली. आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले ते १९४६ मध्ये. बी. पी. आडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल त्यांच्याच कारकिर्दीत दिला. आजचे ई.एस.आय. त्यातून उभे राहिले.

टीकाही झाली, आणि ती रास्त होती. लढाईत कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये सरकारने बायकांना खाणीत उतरवण्यावरची बंदी उठवली. देशात आणि परदेशात ओरड झाली. बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये विधिमंडळात उभे राहून उत्तर दिले. ही आणीबाणीची आणि तात्पुरती गोष्ट आहे आणि बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, असे त्यांनी सांगितले. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. मला ते उत्तर पूर्ण पटत नाही. पोटात मूल असलेली बाई खाणीत उतरली, तिला मजुरीची बरोबरी किती पुरणार? पण त्यांनी टीका करणाऱ्याला दार दाखवले नाही. कारण सांगितले आणि शब्द पाळला.

मालकांनी कामगार संघटनेला मान्यता दिलीच पाहिजे, असे विधेयक त्यांनी १९४३ मध्ये मांडले. मालकांनी विरोध केला. पुढे १९४७ मध्ये तो कायदा मंजूर झाला, पण कधी अमलात आला नाही. १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा मात्र टिकला. कामाचे तास, रजा, दंड, काढून टाकण्याची रीत आणि तक्रार कोणाकडे करायची, हे सगळे मालकाने लिहून प्रमाणित करून घ्यायचे आणि बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत दाराजवळच्या फळ्यावर लावायचे. नियम मालकाच्या तोंडात न राहता भिंतीवर आला. हा कायदा १०० कामगारांपासून पुढे लागू होता. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तो आकडा ३०० केला. देवबागच्या हॉटेलात दहा माणसे असतात, वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात थोड्या जास्त बाया. त्यांच्या दारावर तो फळा तेव्हाही लागला नाही.

सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. ताकदीप्रमाणे काम, जेवण आणि वेतन, आजारात काळजी, वेळेवर सुट्टी. तिथे कामगारांचा आकडा घातलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर बाबासाहेब कायदामंत्री झाले आणि पुन्हा तक्रारदाराच्या जागी आले. नियोजनाचे खाते देऊ म्हटले होते, दिले नाही. मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांवर घेतले नाही. हिंदू कोड बिल तर अर्ध्यावर सोडून दिले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. ११ ऑक्टोबरला ते कारणे सांगायला संसदेत उभे राहणार होते. उपसभापतींनी निवेदनाची प्रत आधी द्या म्हणून त्यांना बोलू दिले नाही. बाबासाहेब सभागृहातून बाहेर पडले आणि ते निवेदन त्यांनी वृत्तपत्रांच्या हाती दिले.