मेंदूवरील उपचारांना शिस्त देणारे डॉ. बी. राममूर्ती

नैराश्याच्या रुग्णाने घरीच बसून, डोक्यावर पट्टी बांधून सौम्य विद्युतप्रवाहाचा उपचार घ्यावा, अशा पद्धतीवर गेल्या काही वर्षांत जगभरात संशोधन सुरू आहे. मेंदूचे कार्य विजेवर चालते, त्या कार्यात बाहेरून हस्तक्षेप करता येतो आणि त्यातून आजार आटोक्यात येऊ शकतो, हा विचार मात्र नवा नाही. भारतात हा विचार प्रत्यक्ष उपचारात आणणाऱ्या पहिल्या पिढीत चेन्नईचे मेंदूशल्यविशारद डॉ. बी. राममूर्ती यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. शासकीय सेवेनंतरची त्यांची कारकीर्द अड्यार येथील 'व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेस' या रुग्णालयात बहरली. त्यांनी नैराश्यासाठी घरगुती उपकरण बनवले नाही. परंतु मेंदूवरील उपचार कोणावर करावा, कोणाच्या देखरेखीखाली करावा आणि त्याचा पाठपुरावा कसा ठेवावा, हे आजचे प्रश्न त्यांच्या जीवनकार्यात पदोपदी आढळतात.

शिक्षण आणि परदेशातील अनुभव

राममूर्ती यांचा जन्म ३० जानेवारी १९२२ रोजी तंजावर भागातील सिरकाळी या गावी झाला. वडील शासकीय सेवेत डॉक्टर होते. शालेय शिक्षण तिरुचिरापल्ली येथे पूर्ण करून त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. शल्यचिकित्सेचे उच्च शिक्षण घेतल्यानंतर, वयाच्या पंचविशीतच त्यांना एडिंबरोच्या रॉयल कॉलेजची फेलोशिप मिळाली. मद्रास शासनाने पुढे त्यांची मेंदूशल्यचिकित्सेच्या प्रशिक्षणासाठी निवड केली आणि ते इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे डॉ. जी. एफ. रोबोथम यांच्याकडे दाखल झाले.

युरोपातील काही केंद्रे पाहिल्यानंतर त्यांनी कॅनडातील माँट्रियल येथे डॉ. वाइल्डर पेनफिल्ड यांच्या संस्थेतही काही काळ काम केले. अपस्माराच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना पेनफिल्ड रुग्णाला पूर्ण भूल देत नसत. कवटी उघडल्यावर मेंदूच्या पृष्ठभागावर अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडला जाई. त्या स्पर्शाने रुग्णाचा हात हले, त्याची वाचा क्षणभर थांबे किंवा जुनी आठवण जागी होई. मेंदूचा कोणता भाग बोलण्याचा, कोणता हालचालींचा, हे त्यावरून कळे आणि तो भाग सुरक्षित ठेवून आजारी भाग काढता येई. या पद्धतीत विजेचा उपयोग आधी प्रश्न विचारण्यासाठी होता, उपचार त्यानंतर होत असे. पुढे मद्रासमध्ये उभ्या राहिलेल्या कामातही हाच क्रम पाळला गेला.

मद्रासमधील प्रारंभ

२४ ऑक्टोबर १९५० रोजी मद्रासच्या शासकीय सामान्य रुग्णालयात राममूर्ती यांनी मेंदूशल्यचिकित्सेचे काम सुरू केले. देशात या शाखेचा पाया त्याआधी एकच वर्ष, १९४९ मध्ये, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चंडी यांनी घातला होता. मुंबईत डॉ. राम गिंडे यांनीही याच सुमारास या शाखेची उभारणी हाती घेतली. संपूर्ण देशात मेंदूची शस्त्रक्रिया करणारे तज्ज्ञ त्या वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

साधनांची स्थिती अत्यंत बिकट होती. मेंदूचे थेट चित्र दाखवणारे सी.टी. स्कॅन यंत्र रुग्णासाठी प्रथम वापरले गेले ते १९७१ मध्ये, लंडनमध्ये. तोपर्यंत मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून किंवा रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणचित्रे काढावी लागत आणि गाठ कोठे असावी याचा अंदाज बांधावा लागे. पाश्चात्त्य ग्रंथांमध्ये मेंदूतील क्षयाच्या गाठी दुर्मीळ मानल्या जात. मद्रासमध्ये मात्र त्या नित्य आढळत. १९६१ मध्ये राममूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्याने या गाठींच्या निदानावर आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला. परदेशात शिकलेले ज्ञान इथल्या आजारांच्या संदर्भात तपासून घेण्याची ही वृत्ती त्यांच्या सर्व कामात दिसते.

डॉ. चंडी, डॉ. एस. टी. नरसिंहन आणि डॉ. बलदेव सिंग यांच्यासह राममूर्ती यांनी १९५१ मध्ये 'न्यूरोलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया' या संघटनेची स्थापना केली. शल्यविशारद आणि औषधोपचार करणारे मेंदूतज्ज्ञ यांना एकाच व्यासपीठावर आणणारी ही संघटना आजही कार्यरत आहे. मेंदूच्या आजाराचा विचार एकट्या शल्यविशारदाने करू नये, ही भूमिका त्यामागे होती. मद्रासमध्ये पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ न्यूरॉलॉजीची रचनाही त्याच भूमिकेवर आधारलेली होती.

मेंदूच्या खोल भागातील उपचार

१९६० च्या सुमारास मद्रासच्या पथकाने स्टीरिओटॅक्टिक शस्त्रक्रियेला सुरुवात केली. या पद्धतीत रुग्णाच्या डोक्यावर धातूची चौकट घट्ट बसवली जाते. क्ष-किरणचित्र आणि चौकटीवरील मोजमापे यांच्या आधारे मेंदूतील बिंदूची जागा तीन दिशांनी निश्चित केली जाते. कवटीला लहानसे छिद्र पाडून बारीक शलाका त्या बिंदूपर्यंत नेली जाते. तेथे विद्युतप्रवाह सोडून आपण योग्य ठिकाणी आहोत याची खात्री केल्यानंतरच तो सूक्ष्म भाग निकामी केला जातो. कंपवाताच्या रुग्णांची थरथर या शस्त्रक्रियेने कमी होत असे.

या पथकात डॉ. व्ही. बालसुब्रमण्यम, डॉ. एस. कल्याणरामन आणि डॉ. टी. एस. कनका यांचा समावेश होता. डॉ. कनका या भारतातील पहिल्या महिला मेंदूशल्यविशारद म्हणून ओळखल्या जातात. १९७५ मध्ये मेंदूत दीर्घकाळ ठेवण्याचे इलेक्ट्रोड बसवण्याच्या कामातही त्या देशात अग्रणी होत्या. मेंदूचा भाग नष्ट करण्याऐवजी त्याला विद्युत उत्तेजन देण्याची दिशा त्यातून स्पष्ट झाली. १९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रनोबल येथील डॉ. बेनाबिद यांच्या कामानंतर ही पद्धत जगभर रूढ झाली. निकामी केलेला भाग परत मिळत नाही, उत्तेजन मात्र बंद करता येते. हा फरक रुग्णाच्या दृष्टीने फार मोठा ठरला.

वर्तनावरील शस्त्रक्रिया आणि संमतीचा प्रश्न

राममूर्ती आणि बालसुब्रमण्यम यांच्या पथकाचे सर्वाधिक चर्चेचे काम होते ते वर्तनातील विकारांवरचे. अनियंत्रित आक्रमकता, स्वतःला इजा करून घेणे किंवा सतत टोकाची अस्वस्थता असलेल्या रुग्णांवर त्यांनी मेंदूतील अमिग्डला व हायपोथॅलॅमस या भागांवर शस्त्रक्रिया केल्या. या शाखेला त्यांनी शामक मेंदूशल्यचिकित्सा असे नाव दिले. १९८८ मध्ये राममूर्ती यांनी प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात अशा सहाशेहून अधिक शस्त्रक्रियांची नोंद आहे. व्यसनाधीन रुग्णांवर केलेल्या शस्त्रक्रियांचा अहवालही या पथकाने १९७३ मध्ये प्रकाशित केला होता.

या कामाकडे त्या काळाच्या संदर्भात पाहावे लागते. पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९३५ मध्ये मानसिक आजारावर मेंदूची शस्त्रक्रिया केली आणि १९४९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर अनेक देशांत अशा शस्त्रक्रिया सरसकट होऊ लागल्या आणि हजारो रुग्णांचे न भरून येणारे नुकसान झाले. मद्रासचे पथक मोजमाप करून, मेंदूचा अगदी लहान भाग निवडून आणि नोंदी ठेवून काम करत होते. तरीही एक प्रश्न उरतोच. या रुग्णांमध्ये लहान मुले आणि मतिमंद व्यक्ती होत्या. त्यांना स्वतःची संमती देणे शक्य नव्हते, निर्णय कुटुंबीय आणि डॉक्टर घेत असत. थकलेल्या आईवडिलांना दिलासा मिळाला, एवढ्याने मुलाचे हित साधले असे म्हणता येते का, याचे सोपे उत्तर नाही.

भारतीय कायद्याने या प्रश्नाची दखल पुढे घेतली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये, मानसिक आजारावर मेंदूची शस्त्रक्रिया करण्यासाठी रुग्णाची स्वतःची माहितीपूर्ण संमती आणि राज्य पातळीवरील मंडळाची मान्यता, या दोन्ही गोष्टी अनिवार्य आहेत. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता विजेचा झटका देण्यासही या कायद्याने बंदी घातली आहे.

अड्यारचे पर्व

शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यानंतर राममूर्ती यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस अड्यारच्या व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेस रुग्णालयात डॉ. अचंट लक्ष्मीपती मेंदूशल्यचिकित्सा केंद्राची उभारणी केली. ज्यांचे नाव केंद्राला दिले गेले ते लक्ष्मीपती आयुर्वेदाचे ख्यातनाम अभ्यासक होते. डॉ. के. एस. संजीवी यांनी १९५८ मध्ये सुरू केलेली ही संस्था वेगळ्या विचारावर चालत होती. कुटुंबाने आपल्या उत्पन्नानुसार वार्षिक वर्गणी भरावी आणि त्या बदल्यात संपूर्ण कुटुंबाच्या आरोग्याची जबाबदारी संस्थेने घ्यावी, अशी तिची योजना होती. छोट्या आरोग्य केंद्रांमार्फत आरोग्य कर्मचारी लोकांच्या घरापर्यंत पोहोचत असत.

महागडी समजली जाणारी मेंदूची शस्त्रक्रिया अशा संस्थेत सामान्य माणसाला उपलब्ध झाली, हे राममूर्ती यांच्या उत्तरायुष्यातील मोठे कार्य होय. डॉ. पी. एन. टंडन यांच्यासमवेत त्यांनी संपादित केलेला मेंदूशल्यचिकित्सेचा ग्रंथ १९८० मध्ये प्रकाशित झाला. भारतीय रुग्णांच्या अनुभवावर आधारलेला हा ग्रंथ विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासला. योग आणि जाणिवेचे स्वरूप हे त्यांच्या चिंतनाचे अखेरपर्यंतचे विषय होते. त्यांनी आत्मचरित्रही लिहिले. १३ डिसेंबर २००३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे चेन्नई येथे निधन झाले.

शस्त्रक्रियागृहापासून घरापर्यंत

२००० मध्ये जर्मनीतील गॉटिंगन येथील संशोधकांनी असे दाखवून दिले की, कवटी न उघडता, कपाळावर आणि डोक्यावर ठेवलेल्या इलेक्ट्रोडमधून अल्प विद्युतप्रवाह सोडूनही मेंदूच्या पेशींची उत्तेजनक्षमता बदलते. नैराश्यासाठी हा प्रवाह साधारणपणे दोन मिलिअँपिअर इतका असतो आणि तो कपाळाच्या मागे असलेल्या मेंदूच्या भागाकडे वळवला जातो. यात रुग्ण जागा असतो आणि झटका येत नाही. विजेचा झटका देण्याच्या जुन्या उपचाराहून ही पद्धत त्यामुळे पूर्णतः भिन्न आहे. त्वचा लाल होणे, जळजळ किंवा क्वचित भाजणे असे त्रास संभवतात.

घरी घेतलेल्या उपचाराचा परिणाम किती होतो, याबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत. ब्रिटन आणि अमेरिकेतील १७४ प्रौढ रुग्णांवरील दहा आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष प्रवाह मिळालेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के, तर केवळ दिखाऊ उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे २२ टक्के रुग्ण नैराश्यातून जवळजवळ मुक्त झाले. त्या रुग्णांशी संशोधक दूरस्थ पद्धतीने संपर्कात होते. ब्राझीलमधील साओ पावलो येथील २१० रुग्णांच्या चाचणीत मात्र, देखरेखीशिवाय घरी घेतलेला हाच उपचार दिखाऊ उपचारापेक्षा सरस ठरला नाही. हे निष्कर्षही २०२४ मध्येच प्रसिद्ध झाले. दोन्ही चाचण्यांची रचना वेगळी असल्याने हा फरक देखरेखीमुळेच पडला असे म्हणता येणार नाही. पण घरी पोहोचलेले उपकरण म्हणजे घरी पोहोचलेला उपचार नव्हे, एवढे यातून निश्चित दिसते.

भारताच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशात दर २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने ग्रासलेले असते आणि त्यातील बहुसंख्यांना उपचार मिळत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले असताना घरी घेता येणारा उपचार निश्चितच मोलाचा ठरू शकतो. मात्र निदान कोणी केले, रुग्णाला अपस्मार किंवा द्विध्रुवीय विकार आहे का, आत्महत्येचे विचार आहेत का आणि प्रकृती बिघडल्यास फोन कोणाला करायचा, या प्रश्नांची उत्तरे उपकरणाच्या पेटीत मिळत नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्याविना अशी उपकरणे वापरणे किंवा चालू औषधे बंद करणे धोक्याचे आहे.

राममूर्ती यांच्या कामातून टिकून राहिलेला धडा हाच आहे. आधी खात्री, मग उपचार आणि त्यानंतर दीर्घ पाठपुरावा, हा क्रम त्यांच्या पथकाने चौकट, शलाका आणि नोंदवह्यांच्या साह्याने पाळला. संमतीच्या बाबतीत तो काळ जेथे कमी पडला, ती उणीव कायद्याने भरून काढली. घरापर्यंत आरोग्यसेवा नेण्याचा अड्यारच्या संस्थेचा प्रयत्नही कुटुंबाशी जोडलेल्या माणसांच्या बळावर उभा होता. मेंदूचा उपचार शस्त्रक्रियागृहातून घराकडे निघाला असताना, त्या यंत्रासोबत जबाबदार माणूसही रुग्णाच्या दारी पोहोचेल, याची व्यवस्था करावी लागणार आहे.

मानसिक आरोग्याविषयी मोफत सल्ल्यासाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे.