विश्लेषण : बंदुकीची दारू ‘स्वच्छ’ करणारा शास्त्रज्ञ कोण होता?

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आंत्वान लॅव्हाझिए भेटतो तो द्रव्य अक्षय्यतेच्या नियमापाशी. ऑक्सिजनला नाव देणारा, आधुनिक रसायनशास्त्राचा जनक, अशी त्याची ओळख. पण त्याचा पगारी हुद्दा वेगळाच होता. १७७५ पासून तो फ्रान्सच्या सरकारी दारूखात्याच्या चार व्यवस्थापकांपैकी एक होता. ही दारू अर्थात बंदुकीची. काडतुसात भरायची दारू शुद्ध आणि कोरडी हवी, हे सैनिकांना पूर्वीपासून ठाऊक होते. ती शुद्ध कशी करायची आणि शुद्ध झाली की नाही हे कसे तपासायचे, याचे शास्त्र लॅव्हाझिएने सरकारी कारखान्यात आणले.

अडचण नेमकी काय होती?

त्या काळची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. त्यात सोरा साधारण तीन चतुर्थांश. उत्तम सोरा बिहारमध्ये होता, पण प्लासीनंतर तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुठीत गेला आणि सप्तवार्षिक युद्धात (१७५६-६३) फ्रान्सची चांगलीच कोंडी झाली. घरचा सोरा मिळायचा तो जुन्या भिंतींच्या पोपड्यांतून, तबेल्यांच्या आणि तळघरांच्या मातीतून. सोरा गोळा करणाऱ्यांना लोकांच्या घरात शिरून खोदण्याचा अधिकार होता. लोक वैतागलेले, आणि हा सगळा कारभार एका खासगी मक्तेदार कंपनीकडे. अर्थमंत्री तुर्गोने १७७५ मध्ये मक्ता मोडला आणि सरकारी खाते उभे केले. त्यात लॅव्हाझिए आला. शिक्षणाने वकील, विज्ञान अकादमीचा सदस्य आणि राजासाठी कर गोळा करणाऱ्या कंपनीचा भागीदार. यातली शेवटची ओळख पुढे त्याच्या जिवावर उठली.

सोऱ्यात घाण कसली असते?

जाडे मीठ पावसाळ्यात पाणी सोडते, हे आपल्याकडे कोणत्याही स्वयंपाकघरात दिसते. दोष शुद्ध मिठाचा फारसा नसतो, त्यात मिसळलेल्या मॅग्नेशियमच्या क्षारांचा असतो. मातीतून काढलेल्या सोऱ्याचेही तसेच. त्यात साधे मीठ असते, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे ओलावा ओढणारे क्षार असतात. अशा सोऱ्याची दारू पिंपात पडून दमट होते. सैनिक काडतुसाचा कागद दाताने फाडून ती नळीत ओततो, वर गोळी ठासतो, चाप ओढतो आणि बार फुसका निघतो.

उपाय दोन पायऱ्यांचा. आधी त्या मातीच्या पाण्यात लाकडाच्या राखेतले पोटॅश मिसळायचे, म्हणजे ओलावा धरणाऱ्या कॅल्शियमच्या नायट्रेटचा खरा सोरा बनतो आणि खर्चही सार्थकी लागतो. मग गाळलेले पाणी उकळून थंड करायचे. इथे निसर्ग मदतीला येतो. गोठणबिंदूजवळच्या १०० ग्रॅम पाण्यात सोरा जेमतेम १३ ग्रॅम विरघळतो, उकळत्या पाण्यात २४० ग्रॅमच्या आसपास. मिठाला मात्र गरम-थंडाचे फारसे देणेघेणे नाही. ते ३६ वरून ३९ ग्रॅमवर जाते, इतकेच. त्यामुळे पाणी निवताना खडीसाखरेसारखे सोऱ्याचे स्फटिक खाली बसतात आणि मीठ पाण्यातच राहते. ही कृती कारागिरांना आधीपासून येत होती. लॅव्हाझिएने तिच्यात तराजू आणला. किती अशुद्धी आत गेली, किती बाहेर पडली, हे तोलून पाहिले जाऊ लागले.

आणि बंदुकीची सफाई?

काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळाल्यावर घनरूपातच उरतो. तोच तो पांढरा धूर आणि नळीतली मळी. ही मळी ओलावा ओढते आणि लोखंडाला गंज चढवते. म्हणून बार झाल्यावर नळी पाण्याने धुऊन, पुसून, तेल लावून ठेवणे हा सैनिकाचा नित्यक्रम. शुद्ध दारूनेही ती मळी टळत नाही. हाताने काडतुसे भरणारे हौशी नेमबाज आज धूररहित दारू वापरतात, तिचे रसायन वेगळे. तरी रिकाम्या पुंगळ्या धुऊन कोरड्या करण्याचा त्यांचा कटाक्ष त्याच जातीचा आहे.

खात्याने काय कमावले?

राहत्या घरांत घुसून खोदण्याचा अधिकार काढून घेतला गेला. सोऱ्याचे उत्पादन १७८८ पर्यंत जवळपास दुप्पट झाले. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात वसाहतींच्या सैनिकांना फ्रान्समधून दारू गेली. पॅरिसच्या आर्सेनलमध्ये, म्हणजे शस्त्रागारातच, लॅव्हाझिएचे घर आणि प्रयोगशाळा होती. ऑक्सिजनवरचे त्याचे मोठे काम तिथलेच.

शुद्धतेच्या पलीकडे जाण्याचा मोह मात्र महागात पडला. बर्थोलेने नवा पोटॅशियम क्लोरेट तयार केला होता. सोऱ्याऐवजी तो वापरला तर दारू अधिक जोरकस होईल, अशी आशा होती. २७ ऑक्टोबर १७८८ रोजी एसोनच्या कारखान्यात चाचणी ठेवली. लॅव्हाझिए, पत्नी मारी-आन आणि बर्थोले थोडे दूर गेलेले असताना मिश्रणाचा स्फोट झाला. दोन जण मेले.

तो गिलोटिनवर का गेला?

६ ऑगस्ट १७८९. बास्तीय पडून तीन आठवडे झालेले. आर्सेनलमधून दारूची पिंपे सीन नदीतल्या बोटीवर चढताना लोकांनी पाहिली आणि क्रांतीच्या शत्रूंना दारू पाठवली जातेय, अशी बोंब उठली. खरे तर ती परदेशी व्यापारासाठीची हलकी दारू होती, चांगल्या दारूला जागा व्हावी म्हणून बाहेर काढलेली. जमाव लॅव्हाझिएच्या जिवावर उठला. तेव्हा तो बचावला.

कर गोळा करणाऱ्यांना मात्र क्रांतीने सोडले नाही. नोव्हेंबर १७९३ मध्ये त्याला कैद झाली. त्याच हिवाळ्यात सरकारने प्रत्येक नागरिकाला तळघर खोदून सोरा काढायला सांगितले. तो शुद्ध कसा करायचा याचे वर्ग पॅरिसमध्ये भरले आणि शिकवायला उभे राहिले बर्थोले, फुरक्रवा, गितों, म्हणजे लॅव्हाझिएचेच सहकारी. हा विषय देशात सर्वांत नीट जाणणारा माणूस तेव्हा तुरुंगात होता. ८ मे १७९४ रोजी इतर २७ करवसुलीदारांसोबत त्याचा शिरच्छेद झाला.

एसोनच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली शिकलेला एल्यूथेर इरेने द्यू पाँ नंतर अमेरिकेला गेला. तिथली दारू त्याला निकृष्ट वाटली. १८०२ मध्ये त्याने डेलावेअरमध्ये ब्रँडीवाइन ओढ्याकाठी स्वतःचा कारखाना काढला. त्याला आपल्या गुरूचे नाव द्यावे, असे त्याच्या मनात होते. पुढे तो कारखाना ओळखला गेला तो ड्यूपाँट या नावाने.