डाळीतली प्रथिने शोधणाऱ्या कमलाबाई सोहोनी



दुधात लिंबू पिळलं की दूध फाटतं. चोथा वेगळा, पाणी वेगळं. त्या चोथ्यात प्रथिने असतात, असे गुरुजींनी सांगितले. अन्नातली प्रथिने अशी वेगळी काढून तपासणाऱ्या एका थोर बाईंची माहिती मी देत आहे.

कमलाबाई माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गाबाई भागवत त्यांच्या बहीण. १९३३ साली त्या बंगलोरच्या विज्ञान संस्थेत शिकायला गेल्या. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. पण कमलाबाई हटल्या नाहीत! शेवटी वर्षभर काम पाहू, या अटीवर घेतलं. श्रीनिवासय्या सरांच्या हाताखाली त्यांनी दूध व डाळींतल्या प्रथिनांवर काम केले. ते पाहून रामन यांचे मत बदलले. मग इतर मुलींनाही तिथे दार उघडले.

पुढे केंब्रिजला त्यांना बटाट्यात सायटोक्रोम सी हे प्रथिन सापडले. १९३९ साली त्या पीएच.डी. झाल्या. नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा, कडधान्ये अशा गोरगरिबांच्या अन्नाचा अभ्यास केला. कच्च्या कडधान्यांत पचनाला अडवणारे पदार्थ असतात, त्यांवरही त्यांनी संशोधन केले. शिजवल्यावर त्या पदार्थांचा जोर मोडतो.

आपल्या वाशीम जिल्ह्यात तूर, हरभरा, सोयाबीन पिकतं. सोयाबीन कच्चं खाऊ नका, वरण मात्र पोटभर खा.

१९९८ साली कमलाबाई वारल्या. मुलींनो, कोणी नाही म्हटलं तरी शिकणं सोडू नका.