साडेअकरा पौंडांची शिदोरी

भारतीय संविधानाचे शिल्पकार, भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची विद्वत्ता सर्वश्रुत आहे. तथापि, ती विद्या संपादन करताना द्रव्याची जी जुळवाजुळव करावी लागली, तिचा जमाखर्च सहसा कोणी मांडत नाही. पाल्यास परदेशी पाठवू इच्छिणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तो अवश्य पाहावा.

दि. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या शब्दावरून बडोदानरेश सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये दिले होते. फेब्रुवारी १९१३ मध्ये पितृछत्र हरपले. त्याच सुमारास अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात काही विद्यार्थी पाठविण्याचे महाराजांनी ठरविले व भीमरावांची निवड झाली. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड, म्हणजे तत्कालीन दराने सुमारे १७२ रुपये, अशी ती शिष्यवृत्ती होती. त्याबदली शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार जून १९१३ मध्ये झाला.

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी एकेक दिवस सार्थकी लावला. १९१५ मध्ये ते अर्थशास्त्रात एम.ए. झाले. पुढील वर्षी पीएच.डी.चा प्रबंधही सादर झाला. परंतु विद्यापीठास छापील प्रती द्याव्या लागत. ग्रंथ १९२५ मध्ये छापून निघाला आणि पदवी १९२७ मध्ये हाती आली.

१९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन येथे प्रवेश घेतला. एका बाजूस अर्थशास्त्र, दुसऱ्या बाजूस बॅरिस्टरी, असा दुहेरी अभ्यास सुरू झाला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मात्र निघण्यापूर्वी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली. ही दूरदृष्टी पुढे फार मोलाची ठरली.

करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. परंतु अस्पृश्यतेपायी तेथे राहावयास जागाही मिळेना. अपमान गिळून ते मुंबईस आले. १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि काटकसरीने पगारातून शिल्लक टाकू लागले. त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी मोजक्या पैशांत संसाराचा गाडा ओढला. स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि कोलंबियातील पारशी मित्र नवल भथेना यांनी उसने दिलेले ५ हजार रुपये, एवढ्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

काळ मात्र प्रतिकूल होता. त्या वर्षाच्या आरंभी दोन शिलिंगांच्या वर गेलेला रुपया वर्षअखेर दीड शिलिंगाच्याही खाली घसरला. रुपयांत जमविलेली पुंजी पौंडांत अशी आटत असता अर्धपोटी राहून, ग्रंथालयात दिवस घालवून त्यांनी १९२१ मध्ये एम.एस्सी. व १९२२ मध्ये बॅरिस्टरी पूर्ण केली. डी.एस्सी.साठी त्यांनी विषय निवडला तोही रुपयाच्या प्रश्नाचा! पैसे संपल्याने १९२३ मध्ये ते मायदेशी आले. प्रबंधातील दुरुस्त्या त्यांनी मुंबईतूनच करून पाठविल्या आणि त्याच वर्षी पदवी मिळाली.

स्वतः सोसलेली ओढाताण ते विसरले नाहीत. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढील वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय व १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाची उभारणी झाली. दि. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज वऱ्हाडातील खेड्यांतूनही मुले परदेशी शिक्षणाची स्वप्ने पाहतात. विद्यापीठ निवडताना केवळ प्रवेशाचा नव्हे, तर शेवटच्या परीक्षेपर्यंतचा खर्च मांडावा, चलनाच्या चढउताराची तजवीज ठेवावी आणि खंड पडलाच तर परतीची वाट आधी लेखी करून घ्यावी, हा बोध या चरित्रातून मिळतो. दात्यांसाठीही त्यात एक सूचना आहे. विद्यादानाची मुदत दिनदर्शिकेवरून नव्हे, तर अभ्यासाच्या पूर्ततेवरून ठरावी. अर्ध्यावर थांबलेले दान विद्यार्थ्याची वर्षे खाते. शेवटास नेलेले दान पिढ्या घडविते.