डॉ. लूसी विल्स

सुमारे शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो स्त्रिया राबत असत. त्यांपैकी अनेकींना गरोदरपणी तीव्र रक्तक्षय होई. चेहरा पांढराफटक पडे, धाप लागे, अंगातील त्राण जाई. कित्येक जणी बाळंतपणात दगावत. या रोगाचे मूळ शोधण्यासाठी १९२८ साली इंग्लंडहून डॉ. लूसी विल्स भारतात आल्या.

लूसी यांचा जन्म १८८८ साली बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र यांचा अभ्यास केला. त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे. पुढे वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेऊन १९२० साली त्या डॉक्टर झाल्या.

मुंबईच्या हाफकिन संस्थेत त्यांनी संशोधन केले. आजारी स्त्रियांच्या रक्तातील तांबड्या पेशी आकाराने मोठ्या, पण संख्येने फार कमी होत्या. हा रोग जंतूंमुळे होतो, असे दिसेना. तेव्हा लूसी यांनी या स्त्रियांच्या ताटात काय असते, ते पाहिले. गरिबीमुळे त्यांच्या आहारात भाजीपाला व फळे जवळजवळ नसत. तसाच आहार माकडांना दिल्यावर त्यांनाही रक्तक्षय झाला आणि यीस्टचा अर्क देताच ती बरी झाली. हा स्वस्त अर्क रुग्ण स्त्रियांनाही गुणकारी ठरला. १९३१ साली लूसी यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

अर्कातील त्या अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ म्हटले जाऊ लागले. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले व त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. पुढे अमेरिकेत भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते प्रयोगशाळेत तयार केले.

नवीन पेशी निर्माण होण्यासाठी फॉलिक आम्ल आवश्यक असते. गर्भाचे रक्त आईच्या पोटातच घडू लागते आणि त्यासाठी लागणारे फॉलिक आम्ल त्याला आईकडूनच मिळते. त्यामुळे गरोदरपणी आईची गरज वाढते. फॉलिक आम्लाच्या कार्यात अडथळा आणणारे मेथोट्रेक्सेटसारखे औषध गरोदर स्त्रीला देत नाहीत, ते याच कारणाने.

लूसी यांचे १९६४ साली निधन झाले. आज भारतात सरकारी आरोग्य केंद्रांतून गरोदर स्त्रियांना लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या विनामूल्य मिळतात. या छोट्याशा गोळीमागे गिरणीतील स्त्रियांचे दुःख जाणणाऱ्या एका डॉक्टरचे परिश्रम आहेत.