मेंदूच्या लहरी टिपणारे हान्स बर्गर आणि स्किझोफ्रेनियातली स्मरणशक्ती

घरात कोणाला स्किझोफ्रेनिया असल्याचे कळले की मेंदूची एखादी तपासणी करून नक्की काय ते सांगावे, अशी बहुतेक कुटुंबांची मागणी असते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडे येणाऱ्या फाइलींमध्ये ईईजीचा रिपोर्ट बऱ्याचदा दिसतो. त्यावर नॉर्मल असे लिहिलेले असते आणि घरचे आणखी गोंधळतात. मुलाला कानात आवाज ऐकू येतात, सकाळी सांगितलेले दुपारी आठवत नाही, मग मेंदू नॉर्मल कसा? ईईजी शोधणाऱ्या डॉक्टरांचे आयुष्य पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर सोपे होते.

मन मोजण्याची इच्छा

हान्स बर्गर यांचा जन्म 1873 मध्ये जर्मनीत कोबुर्गजवळच्या एका गावात झाला. वडील डॉक्टर. आईचे वडील फ्रीडरिश ऱ्यूकर्ट हे प्रसिद्ध कवी आणि संस्कृतचे जाणकार होते. नल-दमयंतीची कथा त्यांनी जर्मनमध्ये आणली होती.

तरुण बर्गर आधी गणित आणि खगोलशास्त्राकडे वळले होते. मध्ये वर्षभर ते सैन्यात गेले. तिथे एकदा घोडा उधळला आणि ते तोफेच्या गाड्यासमोर पडले. गाडा अगदी थोडक्यात थांबला. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या बहिणीला भावावर संकट आल्यासारखे वाटले आणि तिच्या आग्रहावरून वडिलांनी तार केली. आपला विचार बहिणीपर्यंत पोहोचला, असे बर्गर यांना वाटले. एका मनातून दुसऱ्या मनात विचार जातो याला शास्त्रीय पुरावा नाही, पण या प्रसंगाने त्यांची दिशा बदलली. मनाची ऊर्जा मोजायची, या इच्छेने ते वैद्यकाकडे वळले आणि 1897 मध्ये येना इथल्या मनोरुग्णालयात रुजू झाले.

त्यानंतर चारच वर्षांनी, 1901 मध्ये, आपल्या ठाण्याचे मनोरुग्णालय सुरू झाले. त्या वेळी येना असो की ठाणे, डॉक्टरांच्या हाती या आजारासाठी ना तपासणी होती, ना औषध. स्किझोफ्रेनिया हे नावही नव्हते. ते स्विस डॉक्टर ब्लॉयलर यांनी 1908 मध्ये सुचवले. त्याआधी या आजाराला अकाली येणारा स्मृतिभ्रंश अशा अर्थाचे नाव होते. रुग्णाची बुद्धी हळूहळू संपतच जाणार, अशी समजूत त्या नावात होती. ती बरोबर नाही, हे आज आपल्याला माहीत आहे.

6 जुलै 1924

बर्गर यांनी आधी मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, मग मेंदूचे तापमान मोजले. त्यातून फारसे हाती लागले नाही. प्राण्यांच्या मेंदूत वीज असते हे इंग्लंडमध्ये रिचर्ड केटन यांनी 1875 मध्येच दाखवले होते. माणसाच्या मेंदूतली वीज टिपायची, असे बर्गर यांनी ठरवले. दिवसा रुग्णालयाचे काम आणि संध्याकाळी एकट्याने प्रयोग, असे वर्षानुवर्षे चालले.

6 जुलै 1924 रोजी एका 17 वर्षांच्या मुलाच्या मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांना पहिल्यांदा माणसाच्या मेंदूच्या लहरी टिपता आल्या. तरीही त्यांनी लगेच काही छापले नाही. ही वीज स्नायूंची आहे की रक्तवाहिन्यांची, ही शंका पुरती फिटेपर्यंत ते थांबले. आपल्या मुलाच्या डोक्यावरूनही त्यांनी अनेकदा आलेख काढले. पहिला लेख 1929 मध्ये आला. 1934 मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तेच करून दाखवले, आणि जग ईईजीकडे गंभीरपणे पाहू लागले.

ईईजी काय सांगतो, काय सांगत नाही

डोळे मिटून शांत बसले की मेंदूच्या मागच्या भागातून सेकंदाला साधारण 8 ते 13 लहरी येतात. बर्गर यांनी त्यांना अल्फा म्हटले. डोळे उघडले किंवा मनात गणित सोडवायला घेतले की त्या दबतात. म्हणजे मेंदू कामाला लागल्याचे आलेखावर दिसते. पण तो कोणता विचार करतो आहे, कोणता आवाज ऐकतो आहे, हे दिसत नाही.

म्हणून ईईजी नॉर्मल आला याचा अर्थ आजार नाही किंवा रुग्ण नाटक करतो आहे, असा होत नाही. स्किझोफ्रेनियाचे निदान मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून, लक्षणे किती काळ आहेत ते पाहून करतात. फिट, मेंदूची सूज, गाठ, थायरॉइड, बी-12 ची कमतरता, नशा अशी दुसरी कारणे नाहीत ना, हे पाहण्यासाठी गरजेप्रमाणे ईईजी, एमआरआय किंवा रक्ततपासणी सांगितली जाते.

संशोधनात मात्र बर्गर यांचे तंत्र फार कामाला आले. एकसारख्या आवाजांमध्ये अचानक वेगळा आवाज आला की मेंदू जो प्रतिसाद देतो, तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये सरासरीने कमी असतो. एखादी गोष्ट काही सेकंद डोक्यात धरून ठेवायची असते तेव्हा मेंदूच्या वेगवेगळ्या भागांचा ताल नीट जुळत नाही, असेही दिसले आहे. हे फरक अनेक रुग्णांच्या सरासरीत दिसतात. एकट्या रुग्णाचा आलेख पाहून निदान करता येईल, इतके ते ठळक नाहीत.

तरीही यातून तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट निघते. विसरणे हा या आजाराचाच भाग आहे. तो आळस नाही, हट्टही नाही. तीन कामे एकदम सांगितली की त्यातली दोन निसटतात, वाचलेले परत वाचावे लागते, संवादाचा धागा सुटतो. हे त्रास अनेकदा भास सुरू होण्याच्या आधीपासून असतात आणि भास थांबले तरी उरतात. औषधांनी भास आणि संशय बऱ्याच रुग्णांत आटोक्यात येतात. स्मरणशक्तीवर त्यांचा तेवढा परिणाम होत नाही.

आयुष्याची काळी बाजू

बर्गर यांच्याबद्दल एवढेच सांगून थांबणे योग्य होणार नाही. 1933 मध्ये नाझी सरकारने आनुवंशिक मानलेल्या आजारांच्या लोकांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला. त्या यादीत स्किझोफ्रेनिया होता. या कायद्याखाली सुमारे 4 लाख लोकांची नसबंदी झाली. असे निर्णय देणाऱ्या येनाच्या वरिष्ठ न्यायालयात बर्गर सदस्य होते. ते नाझींच्या जाचाचे बळी होते, असे पुष्कळ वर्षे मानले जाई. पुढे कागदपत्रे तपासल्यावर वेगळे चित्र समोर आले. ज्यांच्या मेंदूतली वीज इतक्या सावधपणे तपासली, त्याच लोकांच्या आयुष्याचा निर्णय देताना ती सावधगिरी राहिली नाही.

ही भीती आपल्याकडे आजही वेगळ्या रूपात आहे. लग्न ठरवताना आजार लपवला जातो, मुलांनाही होईल म्हणून घरचे खचतात. आई किंवा वडील यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असला तरी दहापैकी साधारण नऊ मुलांना तो होत नाही. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारावर उपचार म्हणून नसबंदी करण्यास बंदी घातली आहे.

बर्गर 1938 मध्ये निवृत्त झाले. पुढे त्यांना तीव्र नैराश्याने ग्रासले आणि 1 जून 1941 रोजी त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. आयुष्यभर मनाचे आजार पाहणाऱ्या डॉक्टरलाही हा आजार होऊ शकतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण मदत वेळेवर घ्यावी लागते.

घरी काय करता येईल

- एका वेळी एकच काम सांगा. बाजारात किंवा बँकेत पाठवताना चिठ्ठी लिहून द्या.
- गोळ्यांसाठी वारांचे खण असलेली डबी वापरा. जेवण, गोळ्या, झोप यांच्या वेळा ठरलेल्या ठेवा.
- विसरल्यावर चारचौघांत बोलू नका. ताण वाढला की विसरणेही वाढते.
- हात थरथरणे, अंग ताठरणे यासाठी दिली जाणारी ट्रायहेक्सीफेनिडिलसारखी गोळी काही जणांची स्मरणशक्ती मंदावते. ती अजून लागते का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. स्वतःहून कोणतीही गोळी बंद करू नका.
- रोज चालणे, पुरेशी झोप आणि तंबाखू-दारूपासून लांब राहणे याने फायदा होतो. स्मरणशक्ती व लक्ष वाढवणारे प्रशिक्षण जवळ कुठे मिळते, याचीही चौकशी करा.

रुग्ण मरणाबद्दल बोलू लागला, जेवणखाण सोडले किंवा काही दिवसांतच एकदम गोंधळल्यासारखा वागू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याला डॉक्टरकडे न्या. टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून बोलता येते. तिथे रुग्णाबरोबर तुम्हीही स्वतःसाठी मदत मागू शकता.